आष्ट्याच्या गाडीचं वळण

सांगलीच्या बस स्थानकासमोर लालासाहेबांचं हॉटेल आहे. पूर्वी त्याच्या दारातच रिक्षा थांबा होता. इमाम मुलाणी तिथं रिक्षा लावायचे. गिऱ्हाइकांच्या मोटारींना जागा हवी म्हणून लालासाहेबांनी वजन वापरून तो थांबा मागच्या गल्लीत ढकलला. तिकडं कोण जाणार? इमामना शेवटी रिक्षा विकावी लागली. त्या दिवशी त्यांची मुलगी फिरदोस शाळेतून आली, तेव्हा ते रिकाम्या अंगणात रिक्षा पुसायचं फडकं घेऊन उभे होते.

ते फडकं ती विसरली नाही. पुढं ती वास्तुरचनाकार झाली आणि एसटी, शहर बस, रिक्षा, रेल्वे स्टेशनची गाडी असं सगळं एका छताखाली आणणाऱ्या नव्या स्थानकाचा आराखडा तिच्याकडेच आला. तिनं पहिली रेघ ओढली ती हॉटेलासमोरच्या भिंतीची. उंच, सलग, बिनदाराची. रिक्षा मागच्याच गल्लीत ठेवल्या, पण सगळ्या वाटा तिकडं वळवल्या.

लालासाहेब तिच्या कचेरीत आले.

"पोरी, भिंतीत एक दार ठेव की. लोकांचीच सोय हाय."

"अब्बा बी सोयच मागत होते, काका."

"इमामची व्हय गं तू?"

"व्हय. आता भिंत आणखी उंच करते."

बांधकामाआधी पत्रे ठोकून, चुन्यानं रेघा मारून चाचणी घेतली. आष्ट्याची गाडी हॉटेलाच्या कोपऱ्यावरून आत वळताना हळू झाली आणि माणसं आखलेला फलाट सोडून बाहेर धावली. चालत्या गाडीच्या खिडकीतून आत रुमाल पडले, पिशव्या पडल्या, एकानं तर पोरगंच आत सारलं. पुढच्या गाडीची माणसं तिथंच, हॉटेलापाशी, चहा पीत थांबली.

"बाई, च्या घ्या!" लालासाहेब गल्ल्यावरून ओरडले. "तुमच्या भिंतीनं लय धंदा झाला!"

फिरदोसचे कान तापले. मामाकडं आष्ट्याला जाताना तिनंही ओढणी टाकून जागा धरली होती. आराखडा काढताना नेमकं तेच कसं आठवलं नाही?

अभियंता उदयसिंह म्हणाले, "दार ठेवा, मॅडम. लोक आतूनच गाडीपाशी येतील. नाहीतर कुणीतरी चाकाखाली जाईल."

"कुणी जाणार नाही. आणि दारही होणार नाही."

तिनं गाड्यांचं वळणच मागच्या गल्लीत नेलं. फलाट वळणाच्या तोंडाशी आणला, म्हणजे लोक जिथं धावतात तिथंच गाडी पुरती थांबेल. शेजारी रिक्षांची रांग. हॉटेलाच्या वाट्याला नुसती भिंत.

स्थानक सुरू झालं, त्या दिवशी इमाम इस्त्रीचा सदरा घालून आले. मुलीला वाटलं, ते रिक्षांकडं जातील. ते भिंतीला वळसा घालून हॉटेलात शिरले. एकही टेबल भरलेलं नव्हतं. लालासाहेबांनी स्वतः चहा आणून ठेवला.

इमामनी बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश घोट घेतला.

"लय निवांत झालंय हो इथं," ते म्हणाले. "आणखी एक आणा. मला काय घाई न्हाई."