डिंकाखालचा पाय

माझी नणंद नर्स आहे. बाळ तीन महिन्यांचं होतं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "वहिनी, बाबांच्या पायांकडे अधूनमधून बघत जा. साखर असलेल्या माणसाला लागलेलं कळत नाही." माझ्या एका हातात भरलेला लंगोट होता. "बघते," म्हणाले आणि मनात म्हटलं, लांब बसून हुकूम सोडायला हिचं काय जातंय. एकाचं ढुंगण धुताना जीव मेटाकुटीला आलाय, त्यात दुसऱ्याचे पाय कधी बघू?

सासऱ्यांच्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या आहेत. घरामागे पत्र्याची शेड, शेडच्या टोकाला त्यांची खोली. सासूबाई गेल्यापासून ते तिथेच झोपतात. माश्या घोरण्याला नावं ठेवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

बाळ झाल्यापासून मला कशाचीही किळस येते. मोरीच्या जाळीवरचा बुळबुळीत चोथा, नवऱ्याच्या रुमालाच्या घडीत वाळलेला शेंबूड, बाळाच्या मानेच्या वळीत साचून आंबलेलं दूध. कॉलेजात जीवशास्त्र शिकले, त्यामुळे कारण ठाऊक आहे. जंतू आत शिरायच्या आधीच किळस माणसाला मागे खेचते. गायसुद्धा शेणाभोवतीचं गवत सोडून चरते, ते पोटात जंत जाऊ नयेत म्हणूनच. हे नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मी शेण?"

"तू नाही. तुझा रुमाल."

मग पेट्यांना रोग लागला. धडधाकट पेटीतल्या माश्या मेणाच्या झाकणाखालची आजारी अळी वासावरून हुडकतात, झाकण फोडतात आणि तिला ओढून बाहेर टाकतात. तीन पेट्यांतल्या माश्यांना ते झेपेना. सासरे पेटीतली पोळ्याची एक चौकट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. पोळ्याच्या एका घरात काडेपेटीची काडी खुपसून त्यांनी हळूच वर ओढली, तर काडीबरोबर तपकिरी, चिकट तार लांबत आली.

"बघ सूनबाई, ही अळी होती."

तो वास सांगते. जुनी खळ, नासलेली मासळी आणि आठवडाभर न धुतलेला मोजा, तिन्ही एकत्र. मी मोरीत ओकले.

त्यांनी त्या तिन्ही पेट्या खड्ड्यात घालून जाळल्या. मी नियम केले. शेडमधले कपडे शेडमध्येच राहतील, ताट वेगळं, बाळाला हात लावायचा नाही. "अगं, हा रोग माणसाला होत नाही," ते म्हणाले. मलाही माहीत होतं. पण नाकाला पुस्तक वाचता येत नाही. मी त्यांचं ताट खोलीबाहेरच्या स्टुलावर ठेवायचे, दार वाजवायचे आणि परत फिरायचे.

आतून आवाज यायचा, "कैद्याचा डबा आला वाटतं."

वास मात्र जाईना, उलट वाढला. मी तो पेट्यांचाच धरला. शेडकडची खिडकी बंद केली, उंबऱ्यावर फिनेल ओतलं. नवरा म्हणाला, "बाबा जरा लंगडताहेत का?" मी म्हटलं, "वय झालं." त्याचं समाधान झालं. खरं सांगायचं तर त्यालाही त्या खोलीत जायचं नव्हतं.

गेल्या बुधवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. बाळ आता रांगतं. वळून बघते तर ते शेडच्या दाराशी बसून काहीतरी चघळत होतं. सासऱ्यांचा मोजा. पुढचं टोक कडक झालेलं, त्यावर पिवळट डाग, आणि तेच टोक तोंडात. मी बाळाच्या जिभेवर, हिरड्यांवर बोटं फिरवून जे निघेल ते काढलं, नळाखाली तोंड धुतलं, ते किंचाळत होतं तरी धूत राहिले. मग मोजा पायाने ढकलताना तो वास पुन्हा आला, आणि मी थांबले. पेट्या जळून दीड महिना झाला होता. मोजे ते स्वतः रोज धूत होते. मग हा वास पेट्यांचा कसा?

बाळाला पाळण्यात टाकून मी दार न वाजवता आत गेले.

सासरे खाटेवर पाय पसरून बसले होते. डाव्या पावलावर, अंगठ्याच्या मागे, गडद तपकिरी खपलीसारखा चकचकीत थर. बाजूला छोटी डबी.

"बाबा, हे काय?"

"काही नाही गं. पेट्या जाळल्या त्या दिवशी चौकटी उचकटायची पटाशी पडली पायावर. डिंक लावलाय."

हा डिंक माश्यांचा. झाड कोवळ्या कळीला कीड-बुरशी लागू नये म्हणून तिच्यावर राळ आणतं. माश्या ती खरवडून आणतात, मेणात मिसळतात आणि पेटीच्या फटी लिंपतात. मागे एका पेटीत उंदीर शिरून मेला होता. तो माश्यांना ओढवेना, म्हणून त्यांनी त्याला डिंकात मढवून टाकलं होतं. सासऱ्यांनी तो मला दाखवला होता, लाकडासारखा टणक, बिनवासाचा. तेव्हापासून त्यांचा डिंकावर फार विश्वास.

मी वाकले. थराच्या कडेखालून पाणी पाझरत होतं. त्यांनी दाखवायला म्हणून कड नखाने उचलली, तशी ती झाकणासारखी वर आली आणि तिच्याबरोबर तपकिरी तार. दोन बोटं काळी पडली होती. मधल्या फटीत काहीतरी पांढरं वळवळलं.

"दुखत नाही अजिबात," ते कौतुकाने म्हणाले.

मी बाहेर जाऊन ओकले, चूळ भरली, परत आत आले. हातात दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि तो पाय स्वच्छ फडक्यात गुंडाळला. फडक्यातून ऊब लागत होती. नवऱ्याला फोन केला, नणंदेला केला. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "लगेच ने."

डॉक्टरांनी डिंकाची गोष्ट ऐकून घेतली. "आजोबा, तो उंदीर मेलेला होता आणि वाळलेला. तुमचा पाय जिवंत आहे, त्याच्यात साखर आहे. तुम्ही जंतूंना छप्पर घालून दिलंत."

दोन बोटं त्याच दिवशी काढली. घोट्याच्या वर लाली चढली आहे. पाय राहतो की गुडघ्याखाली जातो, ते उद्या पट्टी सोडल्यावर कळेल. मी आता शेजारी बसून रोज ती पट्टी सोडताना बघते. किळस गेलेली नाही. येते, घशाशी येते, आणि मी बघत राहते.

काल तापात ते म्हणाले, "सूनबाई, शिंप्याला पण दिली होती एक डबी. टाच फुटली होती त्याची. त्यालाही साखर आहे."

शिंपी म्हणजे त्यांचे जुने मित्र. दुकान विकून मुलीच्या घराजवळ कुठल्याशा गल्लीत राहायला गेले, एकटेच. कुठल्या गल्लीत, ते सासऱ्यांना आठवत नाही. नंबर आहे, पण कालपासून कोणी उचलत नाही.

उंच, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, गळ्यात अजूनही मापाची पट्टी. तुमच्या आसपास असे कोणी राहत असतील, तर आज त्यांच्याकडे जा. "दुखत नाही" म्हणतील, ऐकू नका. मोजा काढायला लावा. वास आला तर तोंड फिरवा, थुंका, काय हवं ते करा, पण टाच बघितल्याशिवाय परत येऊ नका.