तुरीच्या ओळी

गवराबाईनं ओल्या मातीत काठी रोवली आणि उगवलेल्या शेतावरून पुन्हा नजर फिरवली. बाजरीच्या काही ओळी झाल्या की एक ओळ तुरीची, हा मोशी गावातला नेम. इथं तुरीच्या ओळी एकमेकींना खेटून उभ्या होत्या, आणि तिथून थेट बांधापर्यंत तुरीचा पत्ताच नव्हता.

पेरताना नवरा मुरारी बैलांची पाभर हाकत होता आणि पाभरीमागच्या नळीत तूर सोडत तीच चालली होती. पायाकडे लक्ष दिलं की ओळ निसटायची, ओळीकडे दिलं की पाय. गेल्या साली एक डोळा अंधुक झाला, तो सुधारला. पाय मात्र जड झाला तो झालाच. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, नसांवरचं आवरण झिजतंय. तिकडे पिंपरीत औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता, पण या दुखण्यावर औषध नाही, हेही त्यांनीच सांगितलं. डोक्यातला गोंधळ त्या दुखण्याचाच की आपला वेंधळेपणा, हे विचारायचं मात्र ती तिथं गेल्यावर विसरून गेली.

सासू, दुर्गाबाई, बांधावर येऊन उभी राहिली. सुनेचं डोकं ठिकाणावर नाही, तिला चाकणला माहेरी पोचती कर, असा धोशा तिनं लेकामागं लावला होता.

"पेरताना बैल बुजले, आई," मुरारी घाईनं म्हणाला. "तिचा काय दोष न्हाई."

गवराबाई गडबडली. बुजले होते? तिला तर दोन्ही बैल डोळ्यांपुढं दिसत होते, निवांत उभे. आणि ती मुठीत तूर धरून थांबलेली, कुठली ओळ ते न आठवून. नवरा कधी खोटं बोलत नसे. मग आपल्यालाच भलतं आठवतंय की काय?

"गवरे, तू सांग. बुजले व्हते?" दुर्गाबाईनं विचारलं.

मुरारी तिच्याकडे टक लावून बघत होता. नुसतं 'व्हय' म्हटलं की सुटका होती.

"न्हाई," ती म्हणाली. "उभे व्हते. मीच इसरले."

मुरारीनं मान खाली घातली.

"मी बघत व्हते," दुर्गाबाई म्हणाली. "शेजारच्या सोनबाच्या बांधावरनं. बैल उभेच व्हते."

मग ती खाली वाकली. खेटून उगवलेली तुरीची रोपं मातीसकट अलगद उपसून तिनं सुनेच्या ओटीत घातली.

"चल. कुठं लावायची ते मी सांगते. तू फकस्त पायाकडं बघ."