शेवटचा हात

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाळणा आहे आणि सध्या मला एका गालाची धास्ती लागली आहे. पाळण्याने असे घाबरणे शोभत नाही, हे मला कळते. पण आधी ऐका, मग हसा.

एका सुताराने मला एका रंगाऱ्यासाठी घडवले. रंगारी आता आजोबा झाले आहेत. त्यांच्या घरची रीत अशी, की मूल जन्मण्याआधी मला नवा रंग द्यायचा आणि शेवटचा हात होणाऱ्या आईने मारायचा. तोही खिडक्या गच्च लावून. ओल्या रंगावर धूळ बसली तर रंगाऱ्याची अब्रू जाते! माझ्या चकाकीचे सगळे कौतुक करत. मीही फुगून बसत असे.

त्यांचा मुलगा माझ्यात निजला आणि दोन महिन्यांत गाल ओरबाडू लागला. कोपर, मान, सगळे सोलून निघाले. दूध बदलले, साबण बदलला. शेजारीण बदलता येईना, म्हणून तिच्या नजरेवर खापर फोडले. मला कुणी काही विचारले नाही. मी मात्र तेव्हापासून स्वतःच्या वासाला भितो.

पुढे तीस वर्षे माळ्यावर काढली. मग सुनेला सातवा महिना लागला, तसे मला खाली काढून घासले. जुन्या रंगाची भुकटी खोलीभर उडाली. मग आजोबांनी एक बाजू सोडून मला ताजा रंग दिला. खिडक्या अर्थातच बंद.

"ये सूनबाई, शेवटचा हात तुझा."

"बाबा, गरगरतंय हो."

"वास आहे तो. होईल सवय."

मी जिवाच्या आकांताने करकरलो. पाळण्याला ओरडता येते ते एवढेच. तेवढ्यात मुलगा आत आला, कोपर खाजवतच.

"बाबा, खिडकी उघडा आधी!"

"धूळ बसेल."

"बसू दे! डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. बाळ पोटात असताना धूर, ओल, असले वास हिच्यापासून लांब ठेवा. माझी कातडी ही अशी, म्हणजे बाळालाही हे होण्याचा धोका आधीच जास्त."

"म्हणजे तुझं खाजणं... माझ्या रंगामुळे?"

"ते कुणालाच नक्की सांगता येत नाही, बाबा."

आजोबा खिडकीकडे धावले. ती उघडेना. त्यांनीच दिलेल्या रंगाने घट्ट चिकटली होती. रंग खरवडायच्या पत्रीने फट मोकळी करून त्यांनी ती उघडली. सुनेला बाहेर नेले, मला गच्चीत. माझी एक बाजू बोडकी राहिली ती राहिलीच.

आता बाळ तीन महिन्यांचे आहे. रोज सकाळी तीन डोकी माझ्यावर वाकतात. काल गालावर लाल ठिपका दिसला. तिघे आणखी खाली वाकले.

"डास असेल," मुलगा म्हणाला.

"डासच," आजोबा म्हणाले. आयुष्यात डासाचे एवढे स्वागत कुणी केले नसेल. संध्याकाळी ठिपका गेला. भीती मात्र माझ्यातच निजली आहे.

मित्रांनो, घरात बाळ येणार असेल तर आमच्या चकाकीची घाई करू नका. आईला आधी मोकळी हवा द्या. लाकूड थांबते.

आजोबा अजून कधीकधी ब्रश घेऊन माझ्या बोडक्या बाजूपाशी उभे राहतात. मग ब्रश ठेवतात आणि खिडकी उघडी आहे ना, ते बघून येतात.