तुळशीरामशेठची कमान

वळ गावच्या चौकातून तुळशीरामशेठ जायला लागला की पारावरची माणसं उठून उभी राहायची. गोदामांच्या भाड्याने त्याला शेठ केलं होतं आणि गावाने ते मुकाट मान्य केलं होतं. एकटा लडकू उठायचा नाही. खाडीत होडी घालणारा हा माणूस पाय पसरून खुशाल विडी ओढत बसायचा. तुळशीरामचं पित्त खवळायचं.

लडकूची झोपडी शेठच्या बंगल्यामागे खाडीकाठी होती आणि ती जमीन आता त्याचीच होती. शेवटी झोपडी पाडायला शेठने येत्या रविवारच्या संध्याकाळसाठी जेसीबी सांगून ठेवला. खाडीकडचा रस्ता जुलैच्या पुराने वाहून नेला होता, म्हणून ड्रायव्हरला बजावलं, चौकातून थेट माझ्या कमानीखालून आत घे. कमान नवीकोरी, संगमरवरी, वर सोनेरी अक्षरांत त्याचंच नाव.

आणि नेमका शनिवारी सरपंच दौलत आला.

"शेठ, पुरात जो गावासाठी उभा ऱ्हायला, त्याचा सत्कार करायचा हाय. कसा करावा?"

तुळशीरामच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुरात गोदाम उघडून गावाला खिचडी त्यानेच घातली होती. दुसरं कोण असणार?

"घोडा आना. जरीचा फेटा, बेंजो. आन गावातल्या मोठ्या मानसानं लगाम धरून चालाया पायजे. तवा शोभंल."

"बेस! लडकूला बसवू. अर्धा गाव त्यानंच होडीतून काढला. लगाम तुमीच धरा शेठ, तुमच्यापरीस मोठा कोन हाय?"

सल्ला त्याचाच होता; मान डोलवावी लागली.

रविवारी सकाळी तुळशीराम लगाम धरून दात-ओठ खात चालला. बेंजोवाले थांबले तेवढ्यात वरून लडकू मोठ्याने म्हणाला, "तुलशा, बिगी चल. सांजच्याला तुझा जेसीबी येनार. मना सामान काढायचा हाय."

सगळ्या गावाने ऐकलं. भर चौकात थोबाडीत बसावी तसं शेठला झालं.

संध्याकाळपर्यंत तो घरात धुमसत होता. कॉन्व्हेंटात शिकलेली त्याची लेक भाविका म्हणाली, "बाबा, बायबलात अगदी अशीच गोष्ट आहे. हामान नावाचा राजाचा कारभारी. मर्दखय नावाचा एक यहुदी त्याच्यापुढे वाकत नाही म्हणून जळायचा, आणि त्यालाच मर्दखयचा घोडा धरावा लागला."

"मंग? त्या हामानाचा काय झाला?"

"मर्दखयसाठी त्याने अंगणात फाशीचा खांब उभारला होता. राजाने त्यालाच त्यावर चढवलं. सिस्टर म्हणायच्या, त्या गोष्टीत देवाचं नाव कुठेच येत नाही, पण घडवतो सगळं तोच."

"गप बस!" तुळशीराम ओरडला, आणि जेसीबी थांबवायला त्याने ड्रायव्हरला फोन लावला. दया आली नव्हती. भीती वाटली होती.

"शेठ, मैं तो गेटपेच है," ड्रायव्हर म्हणाला, आणि बाहेर धडाड आवाज झाला.

जेसीबीचा उचललेला हात कमानीला अडकला होता आणि ड्रायव्हरने मागे घ्यायचं सोडून रेटा दिला होता. तुळशीराम धावत आला तेव्हा त्याचं नाव चिखलात पालथं पडलं होतं. चौक गोळा झाला, पण कुणी हसेना. हसले असते तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

समोरच्या पारावर आपल्या भांड्याकुंड्यांच्या ढिगाशेजारी लडकू बसला होता. डोक्यावर फेटा तसाच होता. त्याने विडी विझवली आणि तुळशीरामकडे बघत, आजवर पहिल्यांदाच, तो उठून उभा राहिला.