उलटी चालणारी गोगलगाय

आकडेबुवा आणि त्यांची बायको यांच्यात अबोला होता, पण बोलणं काही थांबलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये गोगलगायींची काचपेटी, आणि दोघं आपापल्या संगणकावरून एकाच शोधनिबंधाच्या समासात शेरे लिहून भांडत होती.

निबंध दोघांचा होता. गोगलगायी तिच्या, आकडेमोड बुवांची. प्रयोगशाळेत रंगकाम निघालं म्हणून पेटी घरी आली होती. पेटीची एक बाजू ओली, दुसरी कोरडी. बाकी सगळ्या गोगलगायी शहाण्यासारख्या ओल्या बाजूला जात. एकच बया घरी आल्यापासून रोज कोरड्या बाजूला निघायची, आणि तिच्यापायी बुवांच्या आलेखातली सुरेख रेघ वाकडी व्हायची.

"ही एक वगळावी," बुवांनी समासात लिहिलं आणि तिचा ठिपका आलेखातून काढूनही टाकला.

"ती चालली, म्हणजे ती मोजायची. नाहीतर माझंही नाव वगळा," टेबलापलीकडचं उत्तर इंटरनेटवरून आलं.

दोघांची संमती मिळाल्याशिवाय निबंध प्रसिद्ध होणार नव्हता. तिची सगळी मेहनत बुवांच्या एका होकारावर अडली होती, आणि बुवा हट्टाला पेटले होते.

त्यात हे संशोधन खुलं. म्हणजे निबंध लिहिला जात असतानाच कुणीही तो वाचावा, समासात मत द्यावं. मजकुराला हात मात्र या दोघांनीच लावायचा. कल्पना बुवांचीच. शास्त्रात लपवाछपवी नको, असं त्यांनी एका भाषणात ठणकावलं होतं. चार विद्वान येतील असं त्यांना वाटलं होतं. आली ती बघ्यांची झुंबड. 'प्रयोगाची पद्धत' या परिच्छेदाशेजारी बायकोने "ताट झाकून ठेवलंय" एवढंच लिहिलं, तर खाली सतरा जणांनी बुवांना आधी जेवून घ्यायला सांगितलं. "वहिनी, माघार घेऊ नका" असंही कुणी लिहून गेलं. सगळ्यांत जोरात भांडायचं ते 'पिकलं पान' नावाचं खातं. बुवांना वाटे, कुणी निवृत्त प्राध्यापक असावेत.

बुवांच्या बाजूने कुणी म्हणजे कुणी नव्हतं. शेवटी न राहवून त्यांनी 'तटस्थ अभ्यासक' या नावाने गुपचूप नवं खातं उघडलं आणि लिहिलं, "आकडेबुवांचं म्हणणं अतिशय सखोल आहे." लिहिताना लाज वाटली. 'अतिशय' तेवढं खोडलं.

"अहो तटस्थ," पिकलं पान लगेच धावून आलं, "त्या गरीब जिवाने तुमचं काय घोडं मारलंय?"

बुवांचं डोकं फिरलं. "गरीब कसली! काल पेटीतून निसटून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर चढून बसली होती! असल्या भरकटलेल्या प्राण्याचं काय मोजायचं?"

शेरा उमटला आणि बुवांनी जीभ चावली.

"तटस्थांना यांच्या स्वयंपाकघरातलं कसं कळलं?" कुणीतरी विचारलं. पाठोपाठ हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. टेबलापलीकडची टकटक थांबली होती. बुवांचे कान तापले. मान काही वर होईना.

तेवढ्यात पिकल्या पानाचा शेरा आला: "डब्यावर नाही, डब्यात. मीच काढली तिला."

बुवांनी बायकोकडे पाहिलं. तिने बुवांकडे. मग दोघांनी आतल्या खोलीकडे, जिथे बुवांच्या आई मांडीवर टॅब घेऊन पत्ते खेळत असल्याचं सांगत असत.

"अहो," बायको तोंडाने बोलली, "सकाळी आपण त्याच डब्यातलं..."

"चाळून घेतलं होतं गं!" आतून आवाज आला. "आणि भरकटलेली नाही हं ती. कोरड्या बाजूला नाक करून उभं राहा, समोर पिठाचा डबाच येतो. त्या बयेला बरोबर ठाऊक होतं कुठे जायचं ते."

बायकोने पेटी पाहिली, मग स्वयंपाकघराचं दार. "वास," ती पुटपुटली. "आपण वासाचा विचारच केला नाही हो."

बुवांनी आलेख पुन्हा उघडला. बयेची ती चूक असती तर वगळता आली असती. हिला तर कारण होतं. त्यांनी स्वतःच्या नावाने समासात लिहिलं, "वगळू नये. तटस्थ अभ्यासकही आता हेच म्हणतो, कारण तो मीच." मग वगळलेला ठिपका परत आलेखात टाकला आणि संमतीच्या चौकटीत खूण केली.

रेघ लगेच वाकडी झाली. बायको उठून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली, आणि दोघं ती रेघ बघत राहिली.