तुसावर चाललेलं इंजिन

कडावच्या भातगिरणीत भिवाजी तेलाचं इंजिन चालवायचा, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण अठ्ठेचाळीस साल उजाडलं तरी त्याचा जीव लढाईच्या काळातल्या दोन सुगींतच अडकून होता.

तेव्हा तेल मिळेनासं झालं, गिरणी बंद पडली आणि घरोघरी बाया पुन्हा मुसळ घेऊन भात सडू लागल्या. गिरणीचे मालक आबाजी. त्यांनी खोपोलीकडच्या एका लाकडाच्या वखारीतून जुनं, गंजलेलं वाफेचं इंजिन बैलांकरवी ओढून आणलं. चालवायला भिवाजी होताच. घाटात विजेची इंजिनं यायच्या आधी तो कर्जतला आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन होता. वीज आली आणि तो घरी आला. त्यानंतर तेरा-चौदा वर्षं फावडं धरलं ते शेतातच.

तीन आठवडे घासूनपुसून त्याने इंजिन उभं केलं. कोळसा नव्हता, पण गिरणीमागे तुसाचा डोंगर होता. कोळशाच्या सवयीने त्याने फावडंभर तूस भट्टीत लोटलं. जाळ गुदमरला, धुराने डोळे भरले, वाफेचा काटा जागचा हलेना. बघायला जमलेली माणसं हळूहळू पांगली.

त्याची बायको बायजा तेवढी मागे उभी राहिली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण त्याचं हे काम तिने कधी पाहिलं नव्हतं.

"आवं, असं थापू नका," ती म्हणाली. "तूस दबलं की इझतं. चुलीत आमी मूठमूठ भिरकावतो."

"चूल येगळी गं. हितं एवढं पानी उकळायचं हाय."

"जाळ तर त्योच ना?"

भिवाजी बाजूला सरला. खाली लाकडं पेटवून बायजाने वरून मुठीमुठीने तूस उधळलं. प्रत्येक मूठ हवेतच भडकली. तासाभराने काटा चढला. भिवाजीने झडप उघडली, तसा फुसकारा टाकत दट्ट्या सरकला, मागे आला, आणि मोठं चाक एकदा अडखळून फिरू लागलं.

"जाळ तर बाहेर हाय. मग चाक कोन ढकलतं?" बायजाने विचारलं.

"वाफ. पान्याची वाफ झाली की तिला लई जागा लागते. आमी तिला नळकांड्यात कोंडतो, मग ती दट्ट्याला रेटते. एकदा या टोकानं, एकदा त्या."

"आनि तेलाच्या इंजिनात?"

"तिथं पानी नाय, वाफ नाय. तेल नळकांड्यातच भडकतं आनि दट्ट्याला ढकलतं."

बायजा चाकाकडे बघत राहिली. "घाटात तुमी हेच करायचा?"

"हेच. फक्त मागं गाडी असायची."

दोन सुगी दोघांनी मिळून भट्टी सांभाळली. दोघांच्याही भुवया करपल्या. मग लढाई संपली, तेल आलं, आणि आबाजींनी वाफेचं इंजिन मोडीत दिलं. ते न्यायला माणसं आली त्या दिवशी भिवाजी शेताकडे निघून गेला. बायजा मात्र इंजिनामागोमाग रस्त्यापर्यंत गेली.

अजूनही ती कधीमधी गिरणीत येते.

"याला एकच मानूस पुरतो, नाय का?" तेलाच्या इंजिनाकडे बघत परवा तिने विचारलं.

"पुरतो," भिवाजी म्हणाला. मग बाकावर सरकून त्याने तिला जागा करून दिली, आणि शेवटचं भात सडून होईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.