किल्लेदाराच्या आईचं प्रकरण

“हे पहिलं प्रकरण काढून टाक,” सिनेमाचा संकलक असलेला नवरा म्हणाला. वाचता वाचता बायको थांबली. चष्मा काढून तिने टेबलावर ठेवला.

त्या प्रकरणापायी तिच्या किती सुट्ट्या खर्ची पडल्या होत्या. शाळेत इतिहास शिकवता शिकवता तिने ही कादंबरी लिहिली होती. वेढ्यात सापडलेला किल्ला, आत अडकलेली माणसं; आणि त्याआधी बांधकाम, घराण्याची हकिकत, मिठावरचा कर, सगळं साग्रसंगीत. माहिती उत्तम आहे पण पुस्तक हलत नाही, असं म्हणून प्रकाशकाने ते परत केलं होतं. नवऱ्याची हयात सिनेमाच्या तुकड्यांची कापाकापी आणि जोडाजोडी करण्यात गेलेली. निवृत्त झाल्यापासून तो घरात नुसत्या येरझाऱ्या घालायचा. म्हणून तीच म्हणाली होती, मी वाचते, तुम्ही ऐका.

“मग सुरुवात कुठून करू?”

“दरवाजा बंद होतो तिथून. शेवटची गाडी आत येते, मागची माणसं बाहेरच राहतात. घराणं कुणाचं ते कळेल की मागाहून.”

तो आठवडा ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी चहाबरोबर नवी सुरुवात घेऊन आली. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि पुढे वाच म्हणाला. याहून मोठी शाबासकी त्याने आजवर कुठल्या दिग्दर्शकालाही दिली नव्हती.

त्यानंतर कामाने वेग घेतला. तटावरची लढाई त्याने तिला मुदपाकखान्यातून लिहायला लावली. आचारी पीठ मळतोय, तोफ वाजते, फळीवरची भांडी थरथरतात, बस्स. तिलाही शाळेत बसवलेली नाटकं आठवू लागली. तहाची बोलणी तिने एकाच दालनात कोंडली, दोन बाजूंना दोन दारं ठेवली आणि कोण कुठून येतो यावरच सगळा ताण उभा केला. ते ऐकून तो खुर्चीत पुढे सरकून बसला.

एकदा मात्र त्याचा अंदाज चुकला. शरण जायचं की लढायचं हे ठरवताना किल्लेदाराच्या मनात काय चाललंय, ते पान त्याने बाजूला काढलं. नुसता चेहरा दाखव, लोकांना कळतं, असं त्याचं म्हणणं.

“कागदावर चेहरा कुठून आणू?” ती म्हणाली. “तुमच्याकडे नट असतो. माझ्याकडे वाक्यच आहे.”

तो हसला आणि ते पान त्याने स्वतःच्या हाताने परत जागेवर लावलं.

शेवटी एक प्रकरण उरलं. मारल्या गेलेल्या किल्लेदाराची आई त्याचे कपडे घडी करत बसली आहे. तेवढ्यात निरोप्या दार ठोठावतो आणि वेढा उठल्याचं सांगतो. वाचून झाल्यावर तिने पेन्सिल उचलली आणि कुठे कापू म्हणून विचारलं.

“काही कापू नकोस. तो निरोप्या तेवढा काढ. तिला सगळे कपडे घडी करू दे.”

ती उठून पाणी प्यायली आणि पुन्हा लिहायला बसली.

प्रकाशकाला या खेपेस पुस्तक आवडलं. एकच गोष्ट त्याला खटकत होती. आईच्या प्रकरणात काहीच घडत नाही, ते निम्मं करा, असं तो फोनवर सांगत होता. तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

“साहेब, मी जन्मभर कापतच आलो,” तो म्हणाला. “हे राहू द्या.”

पलीकडून, बरं, राहू द्या, असं उत्तर आलं.

पुस्तक निघालं त्या संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये तिने तेच प्रकरण वाचलं. तो शेवटच्या रांगेत बसला होता. नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळालाही तो असाच मागे बसायचा आणि पडद्याऐवजी समोरची डोकी बघत राहायचा. आज एकही डोकं हलत नव्हतं. कुणाची तरी खुर्ची करकरली आणि तीही गप्प झाली.

किल्लेदाराच्या आईने शेवटच्या सदऱ्याच्या बाह्या आत दुमडल्या आणि त्यावरून हात फिरवला. बायकोने पुस्तक मिटलं. टाळ्या वाजवायच्या हे लोकांना उशिराच सुचलं. वाजल्या तेव्हाही तो गुडघ्यांवर हात ठेवून तसाच बसून होता.